शिक्षा भोगलेला मनुष्य व विम्याचा धंदा

मध्यमवर्गीय गृहस्थाच्या बैठकींत जीं चार परकीं माणसें हक्कानें येऊन बसतात, त्यांत विम्याच्या एजंटाची गणना करावी लागेल. डॉक्टराला घरांतील दुखणें ठाऊक असतें, सावकाराला कर्ज ठाऊक असतें, उपाध्यायाला वय ठाऊक असतें. विम्याच्या एजंटाला हीं तिन्ही ठाऊक असतात. वडील कोणत्या रोगानें गेले, पगार किती, देणें किती, मागें वारस म्हणून कोणाचें नांव लावावयाचें, हे प्रश्न तो पहिल्या दुसऱ्या भेटींतच विचारतो आणि गृहस्थहि त्यांचीं उत्तरें देतो. एवढा विश्वास ज्याच्यावर टाकावयाचा, तो मनुष्य पूर्वीं कोर्टांत दोषी ठरून शिक्षा भोगून आलेला असेल तर? कायदा त्याला हा धंदा करूं देतो काय, आणि समाजानें तो करूं द्यावा काय?

ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरें ऐकूं येतात. पहिलें उत्तर सज्जनांच्या बैठकींतलें. ज्यानें एकदां लोकांचा पैसा खाल्ला, त्याला पैशाच्या धंद्यांत पुन्हां पाऊल टाकूं देऊं नये, असें तेथें म्हटलें जातें. दुसरें उत्तर शिक्षा भोगून आलेल्या मनुष्याच्या कानांत त्याचेच हितचिंतक सांगतात: अर्जांत कांहीं लिहूं नकोस, कोण विचारावयास बसलें आहे! पहिलें उत्तर कायद्याहून कठोर आहे आणि दुसरें कायद्याच्या विरुद्ध आहे. कायद्यानें ह्या दोहोंहून निराळा, तिसराच मार्ग आंखलेला आहे. परंतु ज्यांना त्याची गरज आहे अशा पुष्कळांना तो ठाऊक नसतो.

हिंदुस्थानांत विम्याचा धंदा जुना आहे. कलकत्त्यास १८१८ सालीं ओरिएंटल लाइफ इन्शुअरन्स कंपनी निघाली, तेव्हांपासून त्याचा इतिहास सांगतात. १९३८ च्या विमा कायद्यानें ह्या धंद्याला एकत्र शिस्त लावली व एजंटानें परवाना घेतला पाहिजे अशी अट घातली. पुढें १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण होऊन १ सप्टेंबर रोजीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. १९९९ च्या कायद्यानें विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वांत आलें व खासगी कंपन्यांना हा धंदा पुन्हां खुला झाला. शेवटीं २०१५ च्या दुरुस्तीनें प्राधिकरणाच्या परवान्याची जुनी पद्धत गेली आणि ज्या कंपनीचें काम करावयाचें, तिनेंच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला एजंट नेमावें, अशी व्यवस्था झाली. लोकांच्या बोलण्यांत ‘परवाना’ हा शब्द अद्याप आहे. वस्तुतः तो आतां कंपनीनें दिलेल्या नेमणुकीचा कागद असतो. हा फरक वरवर लहान दिसतो, परंतु शिक्षा भोगलेल्या मनुष्याच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे. तो कसा हें पुढें दिसेल.

एजंट होण्यास अपात्र कोण, हें विमा कायद्याच्या ४२ व्या कलमांत सांगितलें आहे. अज्ञान मनुष्य अपात्र आहे. कोर्टानें वेडा ठरविलेला अपात्र आहे. त्यानंतर गुन्ह्यांचा उल्लेख येतो आणि तो पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. ‘फौजदारी गुन्ह्यांत शिक्षा झालेला कोणीहि’ असें कलम म्हणत नाहीं. तें चारच गुन्ह्यांचीं नांवें घेतें: दुसऱ्याच्या मालमत्तेचा अपहार, विश्वासानें सोंपविलेल्या मालमत्तेबाबत विश्वासघात, ठकवणूक आणि खोटा दस्तऐवज करणें. ह्यांपैकीं कोणत्याहि गुन्ह्यास मदत करणें किंवा त्याचा प्रयत्न करणें हेंहि त्यांतच धरलें आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली व ह्या गुन्ह्यांच्या कलमांचे क्रमांक बदलले. लोकांच्या तोंडीं बसलेला ‘चारशेंवीस’ आतां तीनशें अठराव्या कलमांत जाऊन बसला आहे. गुन्ह्यांचें स्वरूप मात्र तेंच आहे.

ह्या निवडीमागें हेतु आहे. शेताच्या बांधावरून मारामारी करणारा मनुष्य रागीट असेल, परंतु त्यावरून तो विधवेचा हप्ता खिशांत घालील असें अनुमान निघत नाहीं. विम्याच्या धंद्याला ज्या दोषाचें भय आहे तो दोष अप्रामाणिकपणाचा, आणि कायद्यानें बोट ठेवलें आहे तेंहि नेमकें त्याच्यावरच. दुसरें असें कीं, अपात्रतेकरितां सक्षम कोर्टानें दोषी ठरविलेलें असावें लागतें. नुसती फिर्याद, पोलिसांतील नोंद किंवा चालू असलेला खटला ह्यांनीं ह्या पोटकलमाखालीं कोणी अपात्र होत नाहीं. अपिलांत शिक्षा रद्द झाली तर अपात्रतेचा पायाच नाहींसा होतो.

आणखी दोन सवलती इतर कायद्यांत आहेत आणि त्यांकडे वकीलसुद्धां कधीं कधीं दुर्लक्ष करतात. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखालीं कोर्टानें एखाद्याला ताकीद देऊन अगर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलें असेल, तर दोषसिद्धीला चिकटून येणारी अपात्रता त्याला लागूं नये, असें त्याच कायद्याचें बारावें कलम सांगतें. तसेंच २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या चोविसाव्या कलमानें, बालपणीं घडलेल्या अपराधाची अपात्रता पुढील आयुष्यांत लागूं नये असें सामान्यतः ठरविलें आहे. सोळा वर्षांवरील मुलाच्या अत्यंत घोर अपराधाचा मात्र त्याला अपवाद आहे.

आतां ह्या विषयाचें मर्म ज्या वाक्यांत आहे त्याकडे वळावयाचें. चार गुन्ह्यांचीं नांवें घेतल्यावर कलम तेथेंच थांबत नाहीं. शिक्षा पुरी झाल्यापासून निदान पांच वर्षें लोटलीं असतील, तर त्या मनुष्याची दोषसिद्धि ह्यापुढें अपात्रता म्हणून चालूं राहणार नाहीं असें प्राधिकरणानें ‘सामान्यतः’ जाहीर करावें, असें तें पुढें सांगतें. २०१५ सालीं कलमाची फेरमांडणी झाली, तेव्हांहि हें वाक्य गळलें नाहीं.

एका कल्पित उदाहरणानें ह्याचा अर्थ स्पष्ट होईल. एका पतपेढींतील पंचवीस वर्षांचा कारकून. बहिणीचें लग्न ठरलें, हातीं पैसा नव्हता. पुढील महिन्यांत भरूं अशा हिशेबानें त्यानें पेढीचे चाळीस हजार रुपये उचलले. तो पुढील महिना आलाच नाहीं. हिशेबतपासणी आधीं आली. मार्च २०१५ मध्यें विश्वासघाताबद्दल एक वर्षाची कैद झाली आणि मार्च २०१६ मध्यें तो सुटला. पांच वर्षें मोजावयाचीं तीं ह्या सुटकेपासून. पैसे उचलल्या दिवसापासून नव्हे व निकालाच्या दिवसापासूनहि नव्हे. म्हणजे मार्च २०२१ पर्यंत त्याच्यापुढें दार बंद. त्यानंतर मात्र तें दार ठोठावण्याचा त्याला अधिकार आहे.

ठोठावण्याचा अधिकार असें म्हणण्याचें कारण, पांच वर्षें लोटतांच अपात्रता आपोआप गळून पडते अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाहीं. प्राधिकरणानें तसें जाहीर करावें लागतें. त्याकरितां त्याच्या हैदराबादच्या मुख्य कचेरीकडे अर्ज पाठवावा लागतो. तथापि ‘सामान्यतः’ हा शब्द अर्जदाराच्या बाजूचा आहे. तो मनुष्य दयेची याचना करीत नाहीं. तसें जाहीर करणें हा नियम आणि नकार हा अपवाद, असा ह्या शब्दाचा सरळ अर्थ होतो. सज्जनांच्या बैठकींतील पहिल्या उत्तराला कायद्यानेंच दिलेलें हें प्रत्युत्तर होय.

परंतु ह्याच कलमांत लगेच पुढें एक अधिक कडक पोटकलम आहे. विमापत्रासंबंधींच्या एखाद्या खटल्यांत, कंपनीच्या दिवाळखोरीच्या कामांत किंवा कंपनीच्या कारभाराच्या चौकशींत, एखाद्यानें विमा कंपनीला अगर विमेदाराला फसविलें, किंवा तशा फसवणुकीकडे जाणूनबुजून डोळेझाक केली, असें सिद्ध झाल्यास तोहि अपात्र ठरतो. आणि ह्या अपात्रतेला पांच वर्षांची सवलत जोडलेली नाहीं. बाहेरच्या पैशांत चूक करून आलेल्या मनुष्याला विम्याचा धंदा काळानें आंत घेईल. परंतु ज्यानें ह्याच धंद्यांत राहून विमेदाराचा गळा कापला, त्याच्याकरितां तेंच दार त्याच सवलतीनें उघडत नाहीं.

आतां २०१५ नंतरच्या फरकाचा परिणाम. पूर्वीं परवाना सरकारी अधिकाऱ्याच्या हातीं होता. आतां अपात्रता दूर करणारें एक आणि नेमणूक करणारें दुसरें. कंपनीनें एजंट ‘नेमावाच’ असें कायदा म्हणत नाहीं; तिला नेमतां येतो, एवढेंच म्हणतो. उलट अपात्र मनुष्याला नेमल्यास कंपनीला एक कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो आणि त्या मनुष्यालाहि दहा हजारांपर्यंत. ज्या चुकीला एक कोटीचा दंड आहे, ती आपल्या हातून होऊं नये म्हणून कंपनीचा अधिकारी जरूरीपेक्षां अधिक सावध राहतो, ह्यांत नवल नाहीं. अर्जांत गुन्ह्यासंबंधींच्या प्रश्नापुढें ‘होय’ दिसतांच पुढचें न वाचतां अर्ज बाजूस ठेवणें त्याला सोपें वाटतें. कायद्यानें उघडलेलें दार टेबलावर बंद होतें तें असें.

ह्यावर उपाय दोन आहेत. २०१६ च्या विनियमांप्रमाणें, नकार मिळालेल्या उमेदवाराला त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे फेरविचार मागतां येतो. दुसरा उपाय त्याहून व्यवहारी: अर्ज देतांना त्याबरोबरच निकालाची नक्कल, सुटकेचा दाखला व प्राधिकरणानें अपात्रता दूर केल्याचें पत्र, हे तीन कागद जोडावे. अधिकाऱ्याच्या मनांतील भय कायदेशीर स्वरूपाचें असतें. त्याला उत्तर रदबदलीनें मिळत नाहीं, कागदानें मिळतें. अर्थात् अर्जापूर्वीं कायद्याचा व विनियमांचा त्या दिवशीं चालू असलेला पाठ पाहून घेणें हें शहाणपणाचें.

ह्याच ठिकाणीं त्या हितचिंतकांच्या उत्तराचा विचार करावयास हवा. लिहिलें नाहीं तर काय होईल? १७६६ सालीं इंग्लंडांत लॉर्ड मॅन्सफील्ड ह्या न्यायमूर्तीपुढें एक दावा आला होता. सुमात्रा बेटावरील एका इंग्रज किल्ल्याच्या गव्हर्नरानें परकीय शत्रूच्या हल्ल्याविरुद्ध विमा उतरविला होता. फ्रेंचांनीं किल्ला घेतला, तेव्हां किल्ल्याची दुर्बलता लपविली ह्या सबबीवर विमेकऱ्यानें पैसे नाकारले. निकाल गव्हर्नराच्या बाजूनें लागला. परंतु विम्याचा करार हा पूर्ण सचोटीचा करार आहे आणि ती सचोटी दोन्ही पक्षांना बंधनकारक आहे, हें तत्त्व त्या निकालानें कायमचें रुजविलें. आजहि एजंट विमेदाराला सांगतो कीं, मधुमेह असेल तर लिहा, पूर्वींची शस्त्रक्रिया लिहा, लपवूं नका. जो स्वतःच्या अर्जांत खरें लपवून आला, त्यानें हें कोणत्या तोंडानें सांगावें?

शिवाय लपविण्यानें एक नवीच अडचण निर्माण होते. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अवतार सिंग ह्यांच्या प्रकरणांत सरकारी नोकरीसंबंधीं निर्णय देतांना असा विवेक केला कीं, जुन्या गुन्ह्याचें स्वरूप, वय व परिस्थिति हीं मालकानें विचारांत घ्यावीं. परंतु महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडविणें हें स्वतंत्रपणें नोकरी जाण्याचें कारण होऊं शकतें. विम्याचा एजंट सरकारी नोकर नव्हे, तरीहि व्यवहाराचा धडा तोच. कारकुनाच्या हातून २०१५ पूर्वीं घडलेली अफरातफर २०२१ नंतर कायदा मागें टाकावयास तयार आहे. अर्जांतील आजचें खोटें मात्र आजचेंच राहील. तें उघडकीस आल्यावर नेमणूक तर जाईलच, पण नेमणूक रद्द झालेल्यांची जी मध्यवर्ती यादी प्रत्येक कंपनी पाहते, तींतहि त्याचें नांव चढूं शकेल. मग एका कंपनीचें दार बंद झालें म्हणून दुसरीकडे जाण्याची वाटहि उरत नाहीं.

इतर देशांनीं हा प्रश्न कसा सोडविला, हें पाहणें उद्बोधक आहे. अमेरिकेंत विम्यावर देखरेख मुख्यतः प्रत्येक राज्याची. परंतु १९९४ च्या एका मध्यवर्ती कायद्यानें, अप्रामाणिकपणाच्या अगर विश्वासभंगाच्या मोठ्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यानें विमा अधिकाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय हा धंदा केल्यास तो स्वतंत्र गुन्हा ठरविला व त्याला पांच वर्षांपर्यंत कैद ठेविली. तेथें संमति मिळूं शकते, पण इतक्या वर्षांनीं ती सामान्यतः द्यावीच असें तो कायदा म्हणत नाहीं. वीस वर्षांपूर्वींची शिक्षाहि संमतीवांचून आड येते. इंग्लंडनें १९७४ च्या कायद्यानें उलट टोंक धरलें. ठराविक काळ निर्वेध गेल्यावर शिक्षा ‘सरली’ असें मानावयाचें व कांहीं अपवादभूत धंदे सोडले तर ती सांगण्याचेंहि बंधन नाहीं. ह्या दोन टोंकांच्या मध्यें भारताचा विमा कायदा उभा आहे. तो विसरावयास सांगत नाहीं. उघड सांगा, थांबा आणि मग या, असें सांगतो.

येथें गृहस्थाश्रमी माणूस एक रास्त शंका काढील. कायद्याचें झालें, पण माझ्या मुलीच्या शिक्षणाकरितां ठेवलेला पैसा अशा मनुष्याच्या हातीं मी कां द्यावा? ह्याला पहिलें उत्तर असें कीं, तो पैसा कोणत्याच एजंटाच्या हातीं राहावा अशी कायद्याची योजना नाहीं. कंपनीच्या वतीनें एजंटानें हप्ता घेतलाच, तर सुट्या वगळून चोवीस तासांच्या आंत तो पूर्णपणें कंपनीकडे भरला वा पाठविला पाहिजे, असें ६४-व्हीबी ह्या कलमाचें बंधन आहे. गृहस्थानें हप्ता थेट कंपनीच्या नांवें बँकेमार्फत भरावा, पावती कंपनीची घ्यावी, विमापत्र हातीं पडतांच वाचावें. न पटल्यास तें तीस दिवसांत परत करतां येतें, अशी सोय २०२४ च्या विनियमांत आहे. ही सावधगिरी निष्कलंक एजंटाच्या बाबतींतहि तितकीच आवश्यक आहे. कारण ज्याला कधीं शिक्षा झाली नाहीं तो प्रामाणिकच असतो असें नाहीं, पुष्कळदां तो नुसता सांपडलेला नसतो.

दुसरें उत्तर विमा कायद्याच्याच ४५ व्या कलमांत सांपडतें. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तीन वर्षें चाललेल्या आयुर्विम्याच्या पत्राला कंपनीनें कोणत्याहि कारणास्तव हरकत घेऊं नये, असें त्यांत ठरविलें आहे. प्रस्तावाच्या वेळीं विमेदारानें कांहीं चुकीचें सांगितलें होतें काय, हें उकरून काढण्याची मुदत तीन वर्षांनीं संपते. नाहीं तर कोणत्याहि विधवेला आपला पैसा निश्चितपणें मिळाला नसता. म्हणजे संशयालाहि कोठेंतरी शेवट असावा, हें तत्त्व विमेदाराच्या हिताकरितां आपण आनंदानें मान्य करतों. एजंटाच्या बाबतींत कायद्यानें तेंच तत्त्व लावलें, मात्र अधिक कडक करून: येथें मुदत पांच वर्षांची, आणि तीहि शिक्षा पुरी भोगून झाल्यावर सुरू होणारी.

त्या पांच वर्षांत शिक्षा भोगलेल्या मनुष्यानें काय करावयाचें, हा प्रश्न मात्र कायद्यानें समाजाकडे सोडला आहे. सुटून आलेल्या कारकुनाला त्या काळांत कोणी दुकानांत, गुदामांत, छापखान्यांत काम दिलें, तरच पांच वर्षांनंतर ‘ह्या मनुष्याची वर्तणूक आम्हीं पाहिली आहे’ असें सांगणारा कोणीतरी असेल. कोणींच कांहीं दिलें नाहीं, तर पांच वर्षें नुसतीं उपासमारींत जातील आणि उपासमार ही प्रामाणिकपणाची शाळा नव्हे. जो स्वतः होऊन आपला जुना निकाल अर्जाला जोडतो, त्याची चौकशी कंपनीनें अवश्य करावी; पण ती पुरती करावी आणि कायदा जेथें ‘सामान्यतः होय’ म्हणतो, तेथें केवळ सोयीसाठीं ‘नाहीं’ म्हणूं नये. खरें सांगणाऱ्याला प्रत्येक वेळीं दारावरूनच परत पाठविलें, तर पुढच्या खेपेस येणारा खरें सांगणार नाहीं. आणि विम्याच्या धंद्याला, तसेंच त्यावर विसंबलेल्या घरांना, खरें धोक्याचें असेल तें हेंच.